‘हात लावू नका’ म्हणणाऱ्यांना

शेळी विताना अडली तर मालकानं काय करायचं? पुण्यात या प्रश्नाला हल्ली एकच उत्तर मिळतं: हात लावू नका, डॉक्टरांना बोलवा. शेळीपालन शिकवणारे हे सांगतात, पशुप्रेमी मंडळी सांगतात, बरेच पशुवैद्यकही हेच सांगतात. त्यामागची काळजी खरी आहे, हे मला मान्य आहे. पण सल्ला चुकीचा आहे. तो मनापासून पाळणाऱ्या माणसाच्या दारात शेळीही जाते आणि करडंही जातात, म्हणून त्याचा प्रतिवाद करणं मला भाग आहे.

आधी त्यांची बाजू नीट मांडते. शेळीचं गर्भाशय गाईपेक्षा पुष्कळ पातळ असतं. कोरड्या हातानं, वाढलेल्या नखांनी, घाईघाईत आत चाचपलं तर ते फाटतं. फाटलेलं बाहेरून दिसत नाही. एक-दोन दिवसांत शेळी खाणं सोडते, अंग टाकते आणि मरते. मळक्या हाताबरोबर जंतू आत जातात. माणसालाही धोका आहेच: ब्रुसेलोसिससारखे आजार शेळीच्या गर्भजलातून आणि जारेतून माणसाला होतात, आणि गरोदर बाईनं तर विणाऱ्या शेळीजवळ बसूही नये. सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळाच आहे. चार गोष्टी शिकलेला माणूस नको तेवढा धीट होतो, तासभर झटत राहतो आणि शेळी पार गळून गेल्यावर डॉक्टरांना फोन लावतो. यातलं एकही वाक्य मी खोडणार नाही.

खोडायचं आहे ते या सगळ्याच्या बुडाशी असलेलं गृहीतक. आपण ‘हात लावू नका’ म्हटलं की हात लागणार नाही, असं ही मंडळी धरून चालतात. कळा देऊन देऊन शेळी ओरडते आहे, एक पाय बाहेर लोंबतो आहे, रात्रीचा दीड वाजला आहे, आणि घरातलं माणूस शांतपणे बसून राहील? पुण्याच्या वस्त्यांत नाही बसत: जनता वसाहतीत नाही, कासेवाडीत नाही, येरवड्यातही नाही. तिथं हात लागतोच. फक्त तो न शिकलेला असतो. शेजारचा कुणी तरणा पोरगा येतो, लोंबणारा पाय धरून ओढायला लागतो. दुसरा शेळीची मान दाबून धरतो. कुणी पोटावर गुडघा देतं. कुणी देव्हाऱ्यातलं तेल आणतं. कुणी ओळखीच्या औषधवाल्याकडून ‘कळांचं इंजेक्शन’ आणतं आणि मांडीत टोचून टाकतं.

या इंजेक्शनाबद्दल थोडं सविस्तर बोललं पाहिजे, कारण हात घालण्याचा जेवढा बाऊ होतो त्याच्या निम्माही या सुईचा होत नाही. ऑक्सिटोसिननं गर्भाशय जोरात आवळतं. करडू सरळ असेल, गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडलेलं असेल आणि शेळी निव्वळ थकली असेल, तर ते डॉक्टरांच्या हातात उपयोगाचं आहे. पण मान मागं वळलेली आहे, पाय दुमडलेला आहे किंवा तोंडच उघडलेलं नाही, अशा वेळी दिलं तर बंद दारावर आतून धडका मारल्यासारखं होतं, आणि शेवटी गर्भाशयच फाटतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळू नये असं हे औषध आहे. ते वस्तीत पोचतं, कारण अडलेल्या शेळीच्या मालकाला काहीतरी करायचं असतं आणि काय करायचं ते कुणी त्याला सांगितलेलं नसतं. ‘हात लावू नका’ या सल्ल्यानं ही पोकळी तयार केली आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. शेळी साधारण १५० दिवसांनी विते. आधी काही तास ती अस्वस्थ असते, उठते-बसते, पायानं जमीन उकरते, मागं वळून पोटाकडे बघते. तोपर्यंत खरंच कुणी मध्ये पडू नये. पण एकदा पाणमोट फुटली आणि जोराच्या कळा सुरू झाल्या की साधारण अर्ध्या तासात काहीतरी पुढं सरकायला हवं. सरकलं नाही, तर पुढचा प्रत्येक पाव तास करडाच्या जिवावर आणि नंतर शेळीच्याही जिवावर येतो. १९६२ क्रमांकावर फोन लावावा, ओळखीच्या डॉक्टरांना उठवावं, हे बरोबरच. पण फोन उचलला गेला, डॉक्टर निघाले, वाटेत सिंहगड रस्त्याची नाही तर हडपसरची गर्दी लागली नाही, असं सगळं मनासारखं घडलं तरी मधला पाऊण तास कुणाचा? तो त्या शेळीजवळ बसलेल्या माणसाचा आहे. त्या पाऊण तासाबद्दल ‘हात लावू नका’ वाल्यांकडे एक शब्द नाही.

या शहरात शेळ्या आहेत हेच पुष्कळांना बकरी ईदच्या बाजारापलीकडे ठाऊक नसतं. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात एक कोटीहून अधिक शेळ्या मोजल्या गेल्या. त्यातल्या पुण्याच्या वस्त्यांमधल्या शेळ्या कळपातल्या नव्हेत. दारात एक, फार तर दोन-तीन. आणि सांभाळणारी बहुतेक ठिकाणी घरातली बाई. मंडईतला पाला, घरातली शिळी भाकरी, टेकडीवरचा थोडा झाडपाला यावर त्या वाढतात. मुलाची फी किंवा दवाखान्याचं बिल आलं की एखादी विकली जाते. वाड्यावरच्या धनगर बाईनं आयुष्यात शेकडो मेंढ्या-शेळ्या विताना पाहिलेल्या असतात. कुठं थांबायचं आणि कुठं हात द्यायचा हे तिला बघून बघून कळलेलं असतं. शहरातल्या बाईला वर्षातून एक नाही तर दोन वेतं बघायला मिळतात. तिच्यापाशी पाहून शिकण्याची सोयच नाही, म्हणून तिला मुद्दाम शिकवावं लागतं. खेड्यात ‘उमेद’ अभियानातून जनावरांची काळजी घ्यायला शिकलेल्या पशुसखी तयार झाल्या. पण ते अभियान ग्रामीण आहे. शहरातली शेळी कुणाच्याच योजनेत बसत नाही.

अडण्याची कारणंही शहरात जास्तच जुळून येतात. उस्मानाबादी आणि संगमनेरी या आपल्याकडच्या जाती. उस्मानाबादीत जुळी नेहमीची. दोन करडं एकदम वाटेत आली की पायांत पाय गुंततात. वस्तीत मोकळा फिरणारा बोकड असतो, आणि वय-वजन न भरलेली पाठ, म्हणजे कोवळी शेळी, त्याच्याकडून गाभण राहते. तिची कंबरच अजून अरुंद असते. कुणी वजनदार करडांच्या हौसेनं बोअर जातीच्या बोकडाकडून बुटक्या शेळीला भरवून आणतो. वर शेळी दिवसभर आखूड दाव्याला. हे आधीच टाळता येण्यासारखं आहे आणि ते सांगायलाच हवं. पण आधी काय टाळायला हवं होतं याचा पाठ शेळी अडल्यावर उपयोगाचा नाही.

मग मालकानं शिकायची मदत म्हणजे नक्की किती? इथं मी थोडी थांबणार आहे, कारण विरोध करणारे ‘शिकवा’ म्हटलं की लगेच शस्त्रक्रियेचं चित्र डोळ्यांपुढं आणतात.

पहिली गोष्ट फोन. हात धुण्याआधी फोन. डॉक्टरांना आता काय दिसतं आहे ते सांगायचं: किती वेळ कळा आहेत, पाणी कधी गेलं, बाहेर काय आलं आहे. मग नखं कापायची, अंगठ्या-बांगड्या काढायच्या, कोपरापर्यंत साबणानं आणि कोमट पाण्यानं हात धुवायचे, शेळीचं निरण आणि शेपटीखालचा भाग धुवायचा, रबरी हातमोजा घालायचा. वंगण भरपूर हवं: डॉक्टरांकडची जेली किंवा लिक्विड पॅराफिन, आणि काहीच नसलं तर अंगाच्या साध्या साबणाचा दाट फेस. कपडे धुण्याची पावडर नको, फिनेल तर मुळीच नको. घरातल्या, गरोदर नसलेल्या ज्या बाईचा हात सगळ्यात लहान, तिनं आत हात घालायचा. गाईच्या वेताला सरावलेला पुरुषाचा दणकट पंजा शेळीच्या कमरेत शिरतच नाही. इथं बाईचा हात हीच सोय आहे.

आत गेल्यावर पहिलं काम ओळखण्याचं आहे. ओढायला सुरुवात करायची नाही. सरळ येणाऱ्या करडाचे पुढचे दोन पाय आणि त्यांवर टेकवलेलं नाक, एवढं हाताला लागलं पाहिजे. पाय लागला तर तो पुढचा की मागचा हे खुरापासून वर बोट सरकवून कळतं: पहिला आणि दुसरा सांधा एकाच बाजूला दुमडत असतील तर पुढचा, उलटसुलट दुमडत असतील आणि दुसऱ्या सांध्याच्या मागं टोकदार हाड लागलं तर मागचा. दोन पाय लागले तर ते एकाच करडाचे आहेत ना, हे प्रत्येक पायावरून छातीपर्यंत बोट नेऊन पाहायचं. हे न पाहता दोन वेगळ्या करडांचे दोन पाय धरून ओढणं, या एका चुकीनं किती शेळ्या गेल्या असतील! आणि ती चूक फक्त न शिकवल्यामुळे होते.

हे माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं सांगते. पर्वतीच्या पायथ्याजवळच्या एका घरात, पलंगाच्या पायाला बांधलेली शेळी, निरणाशी करडाचं नाक आणि एकच पाय. दुसरा पाय गुडघ्यात दुमडून आतच राहिलेला. मोबाइल स्पीकरवर ठेवलेला, पलीकडं एक पशुवैद्यक, आणि अलीकडं त्या घरातली सून. डॉक्टर एकेक वाक्य सांगत होते. कळ असताना काही करू नका, नुसता हात ठेवा. कळ ओसरली की करडाचं कपाळ तळव्यानं हळूच आत लोटा. आता खांद्यावरून खाली या, गुडघा लागला? त्याच्या खाली खूर शोधा. खूर मुठीत झाका, उघडं ठेवू नका, त्याचं टोक आतल्या कातडीला लागता कामा नये. आता मूठ तशीच पुढं आणा. तिनं आणली. पुढच्या कळेबरोबर दोन्ही पाय धरून, आळीपाळीनं आणि खालच्या दिशेनं, शेळीच्या टाचांकडे ओढ दिली; कळ थांबली की तीही थांबली. करडू बाहेर आलं. नाकातोंडातला चिकटा पुसला, फडक्यानं खसखसून चोळलं, ते शिंकलं. दुसरं मग आपलं आपणच आलं. सगळ्याला दहा मिनिटं लागली नसतील. दुसऱ्या दिवशी डॉक्टर येऊन शेळीला तपासून, औषधं देऊन गेले, कारण आत हात गेला की पुढचं औषधपाणी ठरवणं त्यांचं काम आहे.

या घटनेत कुणी कुणाचा अधिकार हिसकावून घेतलेला मला दिसत नाही. डॉक्टरांचं डोकं आणि बाईचा हात, दोन्ही जागेवर होते. त्या सुनेला खूर आणि गुडघा म्हणजे काय, कळ म्हणजे काय, खूर मुठीत का झाकायचं हे आधीपासून माहीत नसतं, तर फोनवरचे डॉक्टर कितीही चांगले असते तरी त्यांचा काही उपयोग झाला नसता.

आणि थांबायचं कुठं, हेही याच शिकवणीचा भाग आहे, किंबहुना मोठा भाग. गर्भाशयाचं तोंड बोटांना कड्यासारखं घट्ट लागलं तर पुढं जायचं नाही. ते जबरदस्तीनं उघडायचं नसतं. वाटेत पीळ पडल्यासारखं वाटलं, नुसती शेपूट लागली, मान पूर्ण मागं वळलेली लागली, करडू मेलेलं आणि फुगलेलं वाटलं, लालभडक रक्त येऊ लागलं, तर हात बाहेर. यातलं काही नसलं तरी दहा-पंधरा मिनिटांत फरक पडला नाही तर हात बाहेर. मागचे दोन पाय आधी आले तर करडू फिरवायच्या फंदात पडायचं नाही. ते तसंच येऊ शकतं, मात्र कंबर बाहेर पडली की उशीर करायचा नाही, कारण नाळ दबते आणि करडू आतलं पाणी नाकात ओढतं. जार बारा तासांत पडली नाही तर डॉक्टर. तिला चप्पल किंवा वीट बांधायची नाही, ओढायची नाही. पडलेली जार कुत्र्यापुढं टाकायची नाही. नाळेला टिंक्चर आयोडीन, आणि पहिल्या तासाभरात चीक पोटात. ‘अर्धवट ज्ञान धोकादायक’ हा आक्षेप इथं उलटतो: थांबण्याची जागा ज्याला माहीत नाही, त्याचंच ज्ञान अर्धवट.

आता डॉक्टर नसलेल्यांच्या हाती जीव सोपवण्याबद्दल. महाराष्ट्रात हा वाद याआधी माणसांच्या बाबतीत होऊन गेला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेमार्फत ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं, जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला घरीच प्रतिजैविकाचं इंजेक्शन देणंसुद्धा त्यात होतं. कमी शिकलेल्या खेड्यातल्या बाईच्या हातात सुई कशी द्यायची, हा प्रश्न तेव्हाही होताच. त्याचं उत्तर १९९९ साली ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आलं: त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. घरी जाऊन बाळाची काळजी घेण्याची पद्धत पुढं आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर गेली. माणसाच्या बाळासाठी जे आपण स्वीकारलं, ते शेळीच्या करडासाठी भयंकर कसं ठरतं? आणि शेळ्यांच्याच क्षेत्रातलं बघायचं तर सातारा जिल्ह्यात म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशननं बायकांना शेळ्यांच्या कृत्रिम रेतनाचं शिक्षण दिलं. माणमधली बाई नळी घेऊन रेतन करते ते आपल्याला चालतं. पुण्यातल्या बाईनं दुमडलेला पाय सरळ केला तर मात्र धोका वाटतो.

कायद्याचा धाक घालणारेही भेटतात. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४, याच्या कलम ३० नुसार पशुवैद्यकाचा व्यवसाय नोंदणीकृत माणसानंच करायचा. योग्यच आहे, पैसे घेऊन घरोघर सुया टोचत फिरणाऱ्या भोंदूंवर ते कलम चालवावं, माझा पाठिंबा आहे. पण स्वतःच्या गोठ्यात स्वतःच्या शेळीला हात देणं म्हणजे व्यवसाय करणं, असा त्याचा अर्थ मला कुठं लागत नाही. उलट १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याचं कलम ३ सांगतं की प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्यानं त्याला नाहक वेदना होऊ नयेत म्हणून शक्य ते उपाय केलेच पाहिजेत. अडलेल्या शेळीपाशी हातावर हात धरून बसायला कोणताही कायदा सांगत नाही.

दुसऱ्या टोकाची मंडळीही आहेत, आणि त्यांच्याशीही माझं भांडण आहे. ‘निसर्ग बघून घेतो, शेळ्या हजारो वर्षं वितच आल्यात’ असं ती म्हणतात. बहुतेक शेळ्या मदतीशिवाय वितात, खरंच आहे. पण हजारो वर्षं अडलेल्या शेळ्या मरतही आल्यात. मेलेली शेळी आपला पुरावा मागं ठेवत नाही. आणि पाठ अकाली भरवणं, बोअरचा संकर, आखूड दावं, हे माणसानं केलेलं आहे. आपण घडवलेल्या अडचणीतून सोडवायचं काम निसर्गावर ढकलून मोकळं होता येत नाही.

हे शिकवायला लागतं किती थोडं! पुठ्ठ्याचं खोकं, त्याला हाताएवढं भोक, आत कापडाचं करडू, सांध्यांना दोऱ्या लावलेलं. डोळे मिटून हात घालायचा आणि सांगायचं: पुढचा पाय की मागचा, डोकं कुठं, करडं एक की दोन. पाय मागं अडकवून ठेवायचा आणि खूर मुठीत झाकून पुढं आणायला लावायचा. हे दहा-बारा वेळा केलेली बाई खऱ्या वेळी गडबडत नाही. राज्याचं पशुसंवर्धन आयुक्तालय याच शहरात, औंधला आहे. जिल्ह्याचं पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयही औंधलाच. १९७८ साली स्थापन झालेलं मेंढी व शेळी विकास महामंडळ, आज पुण्यश्लोक अहिल्यादेवींचं नाव लावणारं, गोखलेनगरात आहे. शेळीबद्दलचं एवढं सरकारी शहाणपण एका शहरात एकवटलेलं महाराष्ट्रात दुसरीकडं क्वचितच असेल. गोखलेनगरहून जनता वसाहत काही किलोमीटरवर आहे. महामंडळानं आणि महापालिकेनं मिळून वस्तीच्या समाजमंदिरात संध्याकाळचे दोन वर्ग घ्यावेत, बायकांच्या सोयीच्या वेळी. प्रत्येकीला हातमोजे, जेलीची ट्यूब, टिंक्चर आयोडीन आणि कुठं थांबायचं ते मोठ्या अक्षरात छापलेला एक कागद द्यावा. रात्री फोन घेऊन बोलून मदत करायला तयार असलेल्या पशुवैद्यकांची यादी त्या कागदाच्या मागं छापावी, आणि त्या फोनचं मानधन त्यांना मिळावं. डॉक्टरांच्या झोपेची किंमत मी धरतेच आहे. पोट उघडूनच सोडवावी लागणारी शेळी पोचवायला रात्री वाहन मिळेल याची सोयही त्याच यादीत असावी, कारण हाताची मदत जिथं संपते तिथं शस्त्रक्रिया सुरू व्हायला हवी.

‘हात लावू नका’ म्हणणाऱ्या पशुवैद्यकांना माझी विनंती आहे की या वर्गांना शिकवायला त्यांनीच यावं. गर्भाशय कसं फाटतं हे त्यांनी पाहिलेलं आहे, मी ऐकलेलं आहे. ती भीती त्यांनी त्या बायकांना खोक्यावर हात ठेवून समजावून सांगावी. बंदीपेक्षा ती त्यांच्या जास्त कामी येईल. दिवाळीनंतर वस्त्यांमध्ये वेतं सुरू होतात. त्याआधी पहिला वर्ग झाला पाहिजे.